टाळेबंदी, बस आणि आजी

‘‘अहो, आहात कुठे तुम्ही? मंडळात हल्ली दिसतच नाही!’’

हॅरोच्या बाजारात भेंडी निवडत असताना कोणी ना कोणी भेटायचं आणि हा प्रश्न यायचाच. आम्हां उभयतांचं उत्तरही ठरलेलं होतं. ‘‘हो ना, कामाचा व्याप फार वाढलाय. पुढच्या गणपतीला नक्की!’’ असे पाच गणपती आले आणि गेले. वाचकहो, कामाचा व्याप वगैरे काही नव्हता. आम्ही चक्क खोटं बोलत होतो.

‘टाळेबंदीला पाच वर्षं होऊन गेली, त्या दिवसांवर काहीतरी लिहा’ अशी संपादकांनी गळ घातली तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटलं. त्या दिवसांवर काय कमी लिहून झालंय? घरी केलेले पाव झाले, झूमवरची मंगळागौर झाली, गच्चीवरची गाणी झाली. पण आमच्या घरातली टाळेबंदी जरा निराळी होती, आणि ती कोणाला सांगायची राहून गेली होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या चिरंजीवांना ऑटिझम आहे. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. मोठेपणी त्यांना चाललं तर त्यांचं तेच सांगतील. २०१४ साली, तो तीन वर्षांचा असताना निदान झालं. मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द छान आहे, पण आम्हाला तो कधी पटला नाही. आमचा मुलगा स्वतःत मग्न वगैरे नसतो. उलट बाहेरचं जग त्याच्यावर सगळीकडून एकदम येऊन आदळतं. दिव्याची गुणगुण, कुकरची शिट्टी, कोणाच्या तरी अत्तराचा वास, शर्टाच्या आतलं लेबल, हे सगळं सारख्याच जोराने. या गदारोळात त्याला धरून राहायला एकच खांब असतो. काल जे झालं तेच आज होणार, ही खात्री. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझम हे नाव डॉक्टरी जगात रुजलं. ‘सगळं जसंच्या तसं राहावं’ ही या मुलांची ओढ त्यांनी तेव्हाच टिपून ठेवली होती.

आमच्या घरात या ओढीला ‘टाइमटेबल’ म्हणतात. फ्रिजच्या दारावर एक लांब पट्टी आणि तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेली चित्रं: दात घासणे, गणवेश, पिवळी शाळेची गाडी, शाळा, घर, पास्ता, आंघोळ, झोप. एक काम झालं की ते चित्र काढायचं आणि खालच्या डब्यात टाकायचं. शब्द त्याच्याकडे तेव्हा फार नव्हते. होते ते बहुतेक ऐकलेले, टीव्हीवरचे, स्टेशनवरच्या घोषणांतले, तसेच्या तसे परत म्हटलेले. तेही सगळे इंग्रजी. कारण निदान झालं तेव्हा एका जाणत्या माणसाने आम्हाला सांगितलं होतं, ‘‘घरात एकच भाषा ठेवा, दोन भाषांनी मुलाचा गोंधळ होतो.’’ आम्ही घाबरलेले आईबाप. त्या रात्रीपासून त्याच्याशी मराठी बोलणं बंद! पुढे कळलं की या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. पण तोवर पाच-सहा वर्षं निघून गेली होती.

आणि शनिवार म्हणजे बस. एकशेत्र्याऐंशी नंबर. हॅरोहून चढायचं, केंटन, किंग्सबरी, हेंडन करत गोल्डर्स ग्रीनला उतरायचं, आणि समोरून तीच बस धरून परत. पुढच्या दाराने चढायचं, कार्ड यंत्रावर टेकवायचं, ‘टुक’ असा आवाज ऐकायचा आणि वरच्या मजल्यावर सर्वांत पुढे बसायचं. वर्षाचे बावन्न शनिवार. आमच्या ओळखीच्यांची मुलं शनिवारी पोहायला नि कथकला जात. आम्ही गोल्डर्स ग्रीनला जात होतो.

मग मार्च २०२० आला.

२० मार्चच्या शुक्रवारी शाळा बंद झाल्या. सोमवारी, २३ तारखेला रात्री पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर आले आणि सगळ्यांनी घरात राहा म्हणाले. बाहेर पडायचं ते सामानासाठी, औषधासाठी, अगदीच अडलेल्या कामासाठी आणि दिवसातून एकदा व्यायामाला. आपल्यासारख्यांना हे अवघड गेलं, पण कारण समजत होतं. नऊ वर्षांच्या आमच्या मुलाला मात्र एवढंच दिसलं की पट्टीवरची चित्रं आईबाबांनी काढून टाकली. पिवळी गाडी नाही. शाळा नाही. शनिवारी बस नाही. का नाही? विषाणू दिसत नाही, त्याचं चित्र चिकटवून काय सांगणार?

सरकारची घोषणा मात्र त्याने लगेच उचलली. ‘स्टे होम, प्रोटेक्ट द एन.एच.एस., सेव्ह लाइव्ह्ज.’ अगदी निवेदकाच्या आवाजात, दिवसातून शंभर वेळा. आणि ते म्हणत असताना दोन्ही हातांत बूट घेऊन तो दाराशी उभा! तोंडाने ‘स्टे होम’ आणि हातांत बूट. हसावं की रडावं ते कळेना.

त्यात पास्त्याची भर. तो फक्त पेने खात असे, तोही एकाच दुकानाचा, निळ्या पाकिटातला. हा लाडाचा भाग नव्हे. दुसऱ्या आकाराचा पास्ता त्याच्या लेखी अन्नच नसतं. आपल्यापुढे कोणी पुठ्ठा शिजवून ठेवला तर आपण खाऊ का? तसंच ते. आणि त्या आठवड्यांत लोकांनी दुकानं धुऊन नेली होती. टॉयलेट रोल नाहीत आणि पास्ताही नाही. घरात साडेतीन पाकिटं शिल्लक. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आम्ही जरा आडूनच विचारलं, ‘‘कोणाला निळ्या पाकिटातला पेने दिसला तर कळवा हं.’’ एकाने गमतीने लिहिलं, ‘‘फार लाड करता हो पोराचे! पिठलं-भात घाला की!’’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. आम्हीही एक हसरा चेहरा टाकला आणि फोन उलटा ठेवला.

शाळेने मनापासून प्रयत्न केले. लॅपटॉपवर त्याच्या आवडत्या बाई दिसू लागल्या. त्याने त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि लॅपटॉपचं झाकण बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. त्याचं म्हणणं त्याच्या परीने बरोबरच होतं. बाई शाळेत असतात. त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कशा येतील? कायद्याप्रमाणे त्याला शाळेत जाता आलं असतं, कारण ज्या मुलांना शिक्षण, आरोग्य आणि देखभालीची सरकारी योजना मंजूर आहे त्यांना शाळा उघडी होती. पण शाळेत माणसं कमी. ‘घरी सुरक्षित ठेवता येत असेल तर घरीच ठेवा’ असं आम्हाला सांगण्यात आलं. आमच्यासारखी हजारो मुलं अशीच घरी राहिली.

आणि गुरुवारच्या टाळ्या! २६ मार्चला रात्री आठ वाजता साऱ्या देशाने डॉक्टर-नर्सेससाठी दारात उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे २२ मार्चला संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या, त्याचाच हा इकडचा अवतार. आमच्या गल्लीत पातेली नि झारे घेऊन मंडळी बाहेर आली. भावना मोठी होती, आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. वळून पाहतो तर चिरंजीव जेवणाच्या टेबलाखाली, कान घट्ट दाबून, स्वतःचा हात चावत बसलेले. त्याला कोणी आधी सांगितलंच नव्हतं!

आता आजीबद्दल. आजी नोव्हेंबर २०१९ मध्ये पुण्याहून आल्या होत्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर. एप्रिलचं परतीचं तिकीट होतं. मार्चच्या चौथ्या आठवड्यात भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली आणि आजी इथेच अडकल्या. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह, गोळ्या मोजून आणलेल्या. आमच्या चिंतेत आणखी एक भर, असंच आम्हाला वाटलं. खरं सांगायचं तर मनातून आम्ही थोडे वैतागलोही होतो.

पण चार-आठ दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. घरातल्या सगळ्यांचे दिवस विस्कटले होते. ऑफिस जेवणाच्या टेबलावर, जेवण सोफ्यावर, झोप कधीही. एकट्या आजींच्या दिवसात मिनिटाचा फरक पडला नव्हता. सहाला उठणं, आंघोळ, पूजा, अकराला डाळ-तांदूळ निवडणं, चारला चहा, सातला देवापाशी दिवा. पुण्यात तेच, हॅरोत तेच, महामारीतही तेच. आणि चिरंजीवांनी हे आमच्या आधी हेरलं होतं! अकराला तो आजींच्या शेजारी जाऊन बसायला लागला. ताटात मसुरीची डाळ, मूगडाळ आणि तांदूळ मिसळून आजी त्याच्यापुढे सारत. तो तासभर दाणा न् दाणा वेगळा करी. एकही चूक नाही. सातला दिव्याचं चित्र आम्ही पट्टीवर लावलं. शाळेची गाडी होती त्या जागी. बोरिस जॉन्सनना जमलं नाही ते आजींनी केलं. दिवसाला आकार दिला.

इथे गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. पण ४ एप्रिलला शनिवार होता.

बसशिवायचा हा दुसरा शनिवार. सकाळी एकदा फिरून आलो होतो, म्हणजे नियमाप्रमाणे दिवसाचा कोटा संपला. बाराच्या सुमाराला तो बूट घेऊन दाराशी गेला. आम्ही ‘नो बस’ म्हटलं. पुन्हा म्हटलं. तो ओरडायला लागला, मग डोकं दारावर आपटायला. आम्ही दोघं धावलो, पण आमच्या आधी आजी पोचल्या. त्यांनी त्याला मागून कवेत घेतलं. भल्या मनाने, पण अशा वेळी अंगाला हात लागला की त्याला भाजल्यासारखं होतं. त्याने जोराने झटका दिला आणि आजी पॅसेजमध्ये पडल्या. मनगटावर.

मनगट टम्म सुजलं. हॉस्पिटलचं नाव काढायची सोय नव्हती. त्या दिवसांत चौऱ्याहत्तर वर्षांच्या मधुमेही बाईला तिकडे न्यायचं म्हणजे काय, ते वाचकांना सांगायला नको. १११ ला फोन केला, बोटं हलतात का ते पाहिलं, बर्फ लावला, क्रेप बँडेज बांधलं. सुदैवाने मोडलं नव्हतं. पलीकडच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून ‘स्टे होम, स्टे होम’ म्हणत होता, हळू आवाजात, रडत.

रात्री पुण्याहून आजींच्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओवर फोन आला. ‘‘अगं, हाताला काय झालं?’’ आजी हसून म्हणाल्या, ‘‘काही नाही गं, बाथरूममध्ये घसरले.’’ इतक्या सहज, इतक्या तयारीने! आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते उत्तर आमच्या ओळखीचं होतं. ‘कामाचा व्याप फार वाढलाय’ आणि ‘बाथरूममध्ये घसरले’ यांत फरक तो काय? आमच्या घराला टाळं २०२० साली लागलं असं आम्ही म्हणत होतो. खरं तर ते २०१४ सालीच लागलं होतं, आणि कडी आतून आम्हीच घातली होती.

का घातली? एका गणपतीत आरतीच्या वेळी तो किंचाळला होता आणि मागून कोणीतरी म्हणालं होतं, ‘‘वळण नाही लावलं.’’ बस्, एवढंच. त्या माणसाच्या ते लक्षातही नसेल. पण आम्ही पुढचे पाच गणपती गेलो नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही गटावर लांबलचक संदेश लिहिला. पहिल्यांदाच. मुलाला ऑटिझम आहे. तो फक्त एकच पास्ता खातो, तो संपत आलाय. मंडळात येत नाही त्याचं कारण हे आहे. पाठवायचं बटण दाबायला अर्धा तास लागला.

बुधवारपर्यंत आमच्या दारात निळ्या पाकिटांची अकरा पुडकी जमा झाली. बेल वाजवायची आणि चार पावलं मागे जाऊन उभं राहायचं, असा तेव्हाचा शिरस्ता होता. ‘पिठलं-भात घाला’ म्हणणारे गृहस्थ वेंब्लीपासून सायकलवर आले होते. दोन पाकिटं ठेवली, हात जोडले, काही बोलले नाहीत. आणि त्या आठवड्यात तीन घरांतून खाजगी निरोप आले. ‘‘आमच्याकडेही आहे. आम्हीही कोणाला सांगितलेलं नाही.’’ तीन घरं! त्यांतलं एक आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. या देशात साधारण शंभरात एकाहून अधिक माणसांना ऑटिझम आहे असं मानतात. आपल्या गणपतीला सातशे माणसं येतात. त्रैराशिक मांडायला आपण सगळेच हुशार आहोत, पण ते आपल्याच घरांबाबत कधी मांडलं नव्हतं.

त्याच बुधवारी, ८ एप्रिलला, आणखी एक गोष्ट घडली. ऑटिझम असलेल्या मुलांच्या दोन कुटुंबांनी वकिलांमार्फत सरकारला कायद्याचं पत्र धाडलं होतं, की दिवसातून एकदाच बाहेर पडायचा नियम या मुलांना झेपणारा नाही. सरकारने मार्गदर्शनात बदल केला. ज्यांच्या आरोग्यासाठी गरज आहे, त्यात ऑटिझमही आला, त्यांनी दिवसातून दोनदा-तीनदा बाहेर पडायला, आणि जरूर तर ओळखीच्या शांत जागी थोडं लांब जायला हरकत नाही. टाळेबंदी मोडली नाही, विषाणू जास्त पसरला नाही, कोणाचं काही बिघडलं नाही. एक नियम बोटभर वाकला आणि आमच्यासारख्या घरांचे दिवस उभे राहिले. त्या दोन कुटुंबांना आम्ही ओळखत नाही. पण दिव्यापाशी हात जोडताना आजी त्यांचीही आठवण काढत.

त्या शनिवारपासून आम्ही दुपारी दुसऱ्यांदा बाहेर पडू लागलो. बसमध्ये नव्हे, नुसतं थांब्याजवळ उभं राहून एकशेत्र्याऐंशी जाताना पाहायला. रिकाम्या बसेस, आत एखाद-दुसरं माणूस. २० एप्रिलपासून लंडनच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या संरक्षणासाठी पुढचं दार बंद ठेवून मधल्या दाराने चढवायला लागले. चिरंजीवांनी ते पाहिलं आणि स्पष्ट निकाल दिला, ‘‘राँग डोअर.’’ कोणाची नक्कल नव्हती ती. त्याचं स्वतःचं, त्या क्षणी सुचलेलं वाक्य होतं. आम्ही तिथेच फुटपाथवर एकमेकांचे हात घट्ट धरले.

सगळ्यांची गोष्ट अशी वळली नाही. १ मे ते ३१ जुलै २०२० या काळात तर खास मुलांच्या योजनेत लिहिलेली मदत पुरवायची कौन्सिलांवरची पक्की जबाबदारी कायद्याने सैल करण्यात आली. ‘शक्य ते प्रयत्न करा’ एवढंच उरलं. बोलायला शिकवणारे थेरपिस्ट दुसऱ्या कामांवर गेले. महिनोन् महिने मिळवलेलं हातचं गेलं. आम्हाला निरोप पाठवणाऱ्या एका घरातला मुलगा मोठा, तो निवासी संस्थेत राहतो. त्याला आईबापांनी कित्येक आठवडे फक्त खिडकीच्या काचेतून पाहिलं. आपण काय अपराध केला म्हणून आई आत येत नाही, हे त्याला कोण समजावणार? दुसऱ्या घरातली तेरा वर्षांची मुलगी मात्र टाळेबंदीत खुलली! शाळेतला गोंगाट नाही, डबा खाताना हसणाऱ्या मैत्रिणी नाहीत. ती चित्रं काढू लागली, रात्री झोपू लागली. तिच्या आईबापांना तेव्हाच कळलं की आपली मुलगी इतकी वर्षं रोज काय सोसून घरी येत होती. पुढे शाळा उघडल्या आणि तिला परत जाणं काही केल्या जमेना. म्हणजे एकाच आजाराचं नाव असलं, तरी दोन मुलं सारखी नसतात. (आणि आजार तरी कसा म्हणायचा? घडण म्हणू या.)

इंग्लंडमध्ये आईबापांनीच १९६२ साली सुरू केलेली नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी ही संस्था आहे. डॉ. लॉर्ना विंग या तिच्या संस्थापकांपैकी एक, स्वतः अशा मुलीची आई. या संस्थेने सप्टेंबर २०२० मध्ये एक अहवाल काढला. हजारो माणसांना विचारून त्यांनी मांडलेलं सार असं, की बहुसंख्यांची चिंता वाढली, एकटेपणा वाढला आणि थकलेले आईबाप आणखी थकले. वाचताना आमच्या मनात आलं, की भारतात २५ मार्चपासून जी टाळेबंदी होती तिच्यात तर रोजच्या व्यायामापुरतीही मुभा नव्हती. दोन खोल्यांच्या घरात अशा मुलाला घेऊन राहिलेल्या पुण्या-मुंबईच्या आयांची गोष्ट कोणी लिहिली की नाही, कोण जाणे.

गुरुवारच्या टाळ्या आम्ही पुढच्याच आठवड्यात पट्टीवर लावल्या. हातांचं चित्र, शेजारी घड्याळात आठ, कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन. मग भीती गेली. तिसऱ्या आठवड्यापासून स्वारी पळी आणि पातेलं घेऊन आठला पाच कमी असतानाच दारात! २८ मेला टाळ्यांचा शेवटचा गुरुवार झाला. तो शेवटचा आहे हे त्याला कसं सांगावं या विचारात आम्ही सांगायचंच विसरलो. ४ जूनला आठ वाजता तो एकटाच दारात उभा राहून पातेलं बडवत होता. गल्ली सगळी सामसूम. आम्ही त्याला आत आणणार इतक्यात समोरच्या घराचं दार उघडलं. एक म्हातारी इंग्रज बाई बाहेर आल्या, त्यांनी चार टाळ्या वाजवल्या, मान हलवली आणि आत गेल्या. त्याने पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाला, ‘‘झालं.’’

मराठीत!

हो, ‘झालं’. आजी रोज निवडून झालेलं ताट उचलताना म्हणत तोच शब्द, त्याच सुरात. आजींना इंग्रजी येत नव्हतं, आणि ‘एकच भाषा ठेवा’ हा सल्ला त्यांना कोणी सांगितला नव्हता. सांगितला असता तरी त्यांनी तो मानला असता असं नाही. त्या आपल्या दिवसभर बोलत राहिल्या. ‘बस खाली’, ‘चहा’, ‘दिवा लाव’, ‘हळू’, ‘झालं’. असे एकोणीस शब्द आम्ही ऑगस्टपर्यंत वहीत लिहून ठेवले. सहा वर्षं जी भाषा आम्ही दाराबाहेर उभी केली होती, ती आजींच्या पदराला धरून आत आली.

आजींच्या व्हिसाला सरकारने आधी ३१ जुलैपर्यंत आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली. ऑगस्टमध्ये ‘वंदे भारत’च्या विमानाने त्या परत गेल्या. त्या संध्याकाळी सातला तो देवघरापुढे उभा, हात जोडून, दिव्याची वाट पाहत. आम्ही लावलेला दिवा पसंत नाही. शेवटी पुण्याला फोन. तिकडे रात्रीचे साडेअकरा! आजी उठल्या, फोन समईपाशी टेकवला आणि दिवा लावला. पुढचा दीड महिना रात्री साडेअकराला सांजवात लावणारी पुण्यातली ती एकमेव बाई असावी. मग आजींनीच युक्ती काढली आणि दिवा लावतानाचा छोटा व्हिडिओ पाठवून दिला. तो रोज सातला लागू लागला, आणि आजी झोपू लागल्या.

यातून आम्ही एक शिकलो, ते अशा मुलांच्या आईबापांच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितो. बाईंचा चेहरा पडद्यावर आला की तो झाकण लावायचा, पण आजींचा दिवा आणि हात मात्र बघायचा. चेहरा नको, काम दाखवा! आम्ही शाळेला तसं कळवलं. ४ जानेवारी २०२१ ला पुन्हा टाळेबंदी जाहीर होऊन शाळा बंद पडल्या तेव्हा बाईंनी कॅमेरा आपल्या हातांवर धरला आणि मणी ओवायला लागल्या. त्याने झाकण लावलं नाही. ८ मार्च २०२१ ला शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा आम्ही तीन आठवडे आधीपासून रोज शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाऊन परत येत होतो. फाटक, मग घर. फाटक, मग घर. त्या सोमवारी तो फाटकातून आत गेला.

आता थोडं आपल्या मंडळाविषयी. टाळेबंदी उठून किती काळ झाला, पण काही घरांच्या कड्या अजून आतूनच लावलेल्या आहेत. त्या बाहेरून उघडता येत नाहीत, पण दारावर हळूच टकटक करता येते. पंतप्रधानांचं सरकार एक नियम बोटभर वाकवू शकतं, तर आपलं मंडळ का नाही? आमच्या मागण्या लहान आहेत. कार्यक्रमपत्रिका वेळेसह आधी पाठवा, आणि ती (हे जरा जड जाईल!) पाळा. ढोल-ताशे किती वाजता सुरू होणार ते आधी कळू द्या. हॉलशेजारची एक खोली शांत ठेवा, दिवा मंद, दार लोटलेलं. घरून आणलेला डबा कोणी उघडला तर ‘आमच्याकडचं चालत नाही का’ असं विचारू नका. मुलाच्या देखत आईला ‘बोलतो का हो तो?’ असं विचारू नका. त्याला सगळं ऐकू येतं. आणि एखादं पोर आरतीत किंचाळलं तर आईबापांकडे वळून पाहू नका. पाहिलंच, तर थोडं हसून पाहा.

गेल्या वर्षीच्या गणपतीला आम्ही आलो होतो. बऱ्याच जणांना आश्चर्य वाटलं. एकंदर बावीस मिनिटं होतो. तो हेडफोन लावून मागच्या दाराशी उभा राहिला, आरतीतल्या निरांजनाकडे एकटक पाहत. आरती संपली तसा मोठ्याने म्हणाला, ‘‘झालं.’’ पुढच्या रांगेतले चार-पाच जण वळले. त्यांतले दोघं हसले.

यंदा पंचवीस मिनिटं थांबायचा बेत आहे. येताना एकशेत्र्याऐंशीनेच येऊ, पुढच्या दाराने चढून.